देवदास वाचला, शोकांतिका गेली

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबरीतील देवदास पांडुआच्या स्थानकावर उतरतो, तेव्हा त्याचा वृद्ध सेवक धर्मदास गाडीत झोपी गेलेला असतो. बैलगाडीचा तो दीर्घ प्रवास संपतो हातीपोत्याच्या जमीनदाराच्या दारात. पार्वतीला दिलेले वचन पाळण्यासाठी आलेला हा मनुष्य तिच्या घराबाहेर, झाडाखाली, अनोळखी म्हणून मरतो. त्याच्या शवाला हात लावण्यास गावातील कोणी पुढे येत नाही. शेवटी चांडाळ येतात आणि देह अर्धवट जाळून निघून जातात. कादंबरी येथे संपत नाही. असे मरण कोणाच्या वाट्याला येऊ नये, मरताना कपाळावर एखादा मायेचा हात असावा, अशी प्रार्थना लेखक वाचकाकडे मागतो. नायकाची बाजू घेण्याचे आवाहन तो करीत नाही. अशा मरणाची शरम वाटावी आणि अशा माणसाची कीवही यावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

६ फेब्रुवारी २००९ रोजी अनुराग कश्यप यांचा ‘देव डी’ प्रदर्शित झाला. त्यातील देव मरत नाही. दारू, अमली पदार्थ, देहविक्रयाची वस्ती आणि मद्यधुंद अवस्थेत चालविलेल्या मोटारीखाली चिरडलेली माणसे, हे सर्व मागे टाकून तो चंदाकडे परततो आणि नव्या आयुष्याला आरंभ करतो. देवदास वाचला. त्याबद्दल कोणाला दुःख होण्याचे कारण नाही. मात्र त्याला वाचविताना जे बळी दिले गेले, त्याचा हिशेब त्या वेळच्या टाळ्यांच्या कडकडाटात कोणी मांडला नाही. आज तो चित्रपट ‘नव्या हिंदी सिनेमाचा मैलाचा दगड’ म्हणून नव्या पिढीपुढे ठेवला जातो आणि मोबाइलच्या पडद्यावर कोणाच्याही हाती लागतो. तेव्हा हा हिशेब उशिरा का होईना, मांडला गेला पाहिजे.

प्रतिभेचा प्रश्न नाही

प्रथम जे मान्य करायचे ते मोकळेपणाने मान्य करावे. ‘देव डी’ हा हलक्या हाताने केलेला गल्लाभरू चित्रपट नव्हे. अभय देओल, माही गिल आणि कल्की केकलां यांचा अभिनय समर्थ आहे. राजीव रवी यांच्या छायालेखनाने दिल्लीतील पहाडगंजची रात्र निऑनच्या लाल-निळ्या झगमगाटात जिवंत केली. अमित त्रिवेदी यांच्या १८ गीतांनी हिंदी चित्रपटसंगीताला नवे वळण दिले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुरुषाच्या ढोंगावर या चित्रपटाने केलेला प्रहारही खोटा नाही. स्वतः लंडनमध्ये मौजमजा करणारा देव गावातील कुजबुज ऐकून पारोच्या चारित्र्यावर शंका घेतो. हा दुटप्पीपणा आपल्या समाजात नाही, असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही.

आक्षेप याहून गंभीर आहे, आणि प्रतिभेमुळेच तो गंभीर होतो. नवव्या शतकातील काश्मिरी आचार्य आनंदवर्धन यांनी कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तील आठव्या सर्गाची चर्चा करताना एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. जगन्मातापित्यांच्या संभोगशृंगाराचे तेथील वर्णन अनुचित आहे. परंतु कवीच्या शक्तीने ते अनौचित्य झाकले जाते, वाचकाच्या लक्षात येत नाही. सामान्य वकुबाच्या कवीचा दोष चटकन दिसतो, समर्थ कवीचा दोष लपतो. ‘देव डी’च्या परीक्षणांचे नेमके हेच झाले. प्रकाशयोजनेने दिपलेल्या समीक्षकांनी प्रकाश कशावर पडला आहे, हे पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत.

शरदबाबूंनी काय लिहिले होते?

‘देवदास’ १९१७ साली प्रसिद्ध झाली. पण ती लिहिली गेली त्याच्या पुष्कळ आधी, शरच्चंद्रांच्या तरुणपणी. तिच्याविषयी त्यांना फारसा अभिमान नव्हता आणि प्रकाशनाबाबत ते नाखूष होते. तरीही देशभर गाजली ती हीच कृती. महाराष्ट्राला शरदबाबू परके वाटले नाहीत, याचे मोठे श्रेय मामा वरेरकर यांच्या अनुवादांना जाते. मराठी घरांतील स्त्रियांनी बंगाली नायिकांची दुःखे आपली म्हणून वाचली. हेच शरच्चंद्र ‘पथेर दाबी’चेही लेखक आहेत. क्रांतिकारकांवरील ती कादंबरी ब्रिटिश सरकारने १९२७ साली जप्त केली होती. तेव्हा त्यांना केवळ अश्रू ढाळणारा लेखक समजणे हे अज्ञान आहे.

हिंदू समाजाचे दोष त्यांनी झाकले नाहीत. देवदास आणि पार्वती यांचा विवाह मोडतो तो कुलाच्या खोट्या प्रतिष्ठेमुळे. मुलीकडून पैसे घेणारे घराणे म्हणून पार्वतीचे कुळ हलके ठरते, शिवाय ती शेजारची. जमीनदार मुखर्जींना ही सोयरीक कमीपणाची वाटते. परिणामी एका तेरा वर्षांच्या तेजस्वी मुलीच्या गळ्यात प्रौढ, मुलेबाळे असलेल्या विधुर जमीनदाराची माळ पडते. ही टीका आहे, आणि ती घरातल्या माणसाने घरासाठी केलेली टीका आहे. म्हणूनच ती लागते. हिंदुत्वाचा विचार सांगणाऱ्यांनी ती निमूटपणे ऐकून घेतली पाहिजे. कुलाभिमानाने माणसे मरतात, हे शरदबाबूंनी दाखविले आणि ते खरे आहे.

मात्र त्याच कादंबरीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे चित्रपटवाल्यांचे सहसा लक्ष जात नाही. देवदास खाली खाली जातो, पण दोन्ही स्त्रिया वर चढतात. पार्वती परक्या घरी जाऊन सावत्र मुलांची आई होते, दानधर्म करते, घर सावरते. चंद्रमुखी आपला व्यवसाय सोडते, दागिने विकते, एका खेड्यात नदीकाठी साधे आयुष्य जगते. देवदासच्या एका भेटीने तिला स्वतःच्या आयुष्याचा विटाळ वाटू लागतो आणि ती बदलते. ज्याच्यामुळे ती बदलली तो मात्र बदलत नाही. या कथेतील खरा विरोधाभास हा आहे. दुबळा पुरुष आणि सामर्थ्यवान स्त्रिया, हे शरदबाबूंनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले. ते शिकविण्यासाठी २००९ची वाट पाहण्याची गरज नव्हती.

मध्यरात्रीची पार्वती आणि गादी नेणारी पारो

दोन्ही कृतींतील अंतर एका प्रसंगात नेमके मोजता येते. कादंबरीत पार्वती मध्यरात्री एकटीच देवदासच्या वाड्यात येते. झोपलेल्या नोकरांना ओलांडून ती त्याच्या खोलीत पोहोचते आणि त्याच्या पायाशी आश्रय मागते. देवदासच घाबरतो. तिला कोणी पाहिले तर काय होईल, याची भीती त्याला वाटते, तिला नाही. त्या काळी एका कुलीन मुलीने उचललेले हे पाऊल किती मोठे होते! त्या पावलाची किंमत तिला पूर्ण ठाऊक आहे आणि ती किंमत देण्यास ती सिद्ध आहे. म्हणून तो प्रसंग धैर्याचा आहे, आणि देवदासचा नकार हा भ्याडपणा आहे. सारी शोकांतिका त्या एका रात्रीच्या बिजातून उगवते.

‘देव डी’मध्ये याच प्रसंगाचे रूपांतर कसे होते? पंजाबमधील पारो सायकलवर गादी बांधून देवला भेटण्यासाठी शेतात जाते. त्या दृश्यावर प्रेक्षागृहात हशा पिकावा, अशीच त्याची रचना आहे. तेथे देव तिचा अपमान करतो आणि ती गादी घेऊन परतते. प्रसंग चतुर आहे, देवचे ढोंगही त्यात उघडे पडते. पण पणाला काय लागले? पार्वतीने आपले सर्वस्व पणाला लावले होते, पारोची एक दुपार वाया गेली. पहिलीला आयुष्यभराचा आश्रय हवा होता, दुसरीला शरीराची भेट हवी होती. दिग्दर्शकाला स्त्रीचे स्वातंत्र्य दाखवायचे होते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याने स्त्रीची आकांक्षा लहान केली. ज्या नायिकेने आयुष्य मागितले होते तिला त्याने गादी मागायला लावली आणि त्याला प्रगती म्हटले.

शोकांतिकेला उंबरठा लागतो. उंबरठा असतो म्हणून तो ओलांडण्याला अर्थ असतो, ओलांडता न येण्याला वेदना असते. मर्यादाच नाही तेथे त्यागही नाही आणि विरहही नाही. भारतीय काव्यशास्त्राने विप्रलंभाला, म्हणजे विरहाच्या शृंगाराला, मिलनाच्या शृंगाराहून कधी कमी लेखले नाही, यामागे हेच मर्म आहे. ‘देव डी’ने विप्रलंभ काढून टाकला आणि त्याच्या जागी अतृप्ती बसविली. विरहात माणूस दुसऱ्यासाठी झुरतो, अतृप्तीत तो फक्त स्वतःसाठी चरफडतो. मूळ देवदास निदान पार्वतीसाठी झुरत तरी होता. कश्यप यांचा देव बहुतेक वेळ स्वतःच्याच आत्मदयेत बुडालेला आहे.

एका शाळकरी मुलीचे दुःख

या चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग चंदाचा आहे. २००४च्या अखेरीस दिल्लीतील एका नामवंत शाळेतील विद्यार्थ्याने मोबाइलवर केलेले खासगी चित्रण सर्वत्र पसरले. ते एका ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रीला ठेवले गेले आणि त्या कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. देश हादरला. त्या घटनेची छाया चंदाच्या कथेवर उघड आहे. लेनी नावाची शाळकरी मुलगी अशाच विश्वासघाताला बळी पडते, वडील आत्महत्या करतात, नातलग तिला दूर ढकलतात आणि शेवटी एक दलाल तिला पहाडगंजमध्ये आणतो. ‘देवदास’ चित्रपट पाहून ती स्वतःचे नाव चंदा ठेवते.

या कथेत समाजावर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे. विश्वासघात केला मुलाने, आनंद लुटला पाहणाऱ्यांनी आणि शिक्षा झाली मुलीला. चित्रपट हे सांगतो, तेवढ्यापुरता तो खरा आहे. पण त्यानंतर तो काय करतो? ज्या मुलीच्या देहाचे चित्र तिच्या संमतीविना जगाने पाहिले, तिचे पुढील आयुष्य तो रंगीत दिव्यांच्या, उंची सजावटीच्या, मोहक वेशभूषेच्या खोलीत मांडतो. देहविक्रयाच्या वस्तीत राहून ती शिक्षण घेते आणि ग्राहकांशी वेगवेगळ्या भाषांत बोलते. देहविक्रयाच्या नरकात लोटल्या गेलेल्या मुलींच्या वाट्याला कर्ज, मारहाण, रोग आणि दलालाची दहशत येते. त्यांतील काहीही त्या सुंदर खोलीत शिरत नाही. जे दृश्य पाहून प्रेक्षकाची मान खाली जावी ते पाहून त्याने मोहित व्हावे, अशी ही मांडणी आहे. चित्रफीत पाहणाऱ्या गर्दीचा निषेध करणारा चित्रपट प्रेक्षकाला त्याच गर्दीत नेऊन बसवितो, फक्त या वेळी तिकीट काढून.

एक विसंगती तर डोळ्यांत भरणारी आहे. याच चित्रपटात पारो लंडनमधील देवला आपले विवस्त्र छायाचित्र ई-मेलने पाठविते, आणि ते तिच्या मोकळेपणाचे लक्षण म्हणून येते. चंदाचे चित्रण मात्र तिच्या सर्वनाशाचे कारण ठरते. दोन्ही ठिकाणी एका मुलीने एका मुलावर विश्वास टाकला. एकीचा विश्वास टिकला, दुसरीचा मोडला. म्हणजे मुलीचे सारे आयुष्य समोरच्या पुरुषाच्या सभ्यतेवर लटकलेले आहे, हे भीषण सत्य या दोन कथा शेजारी ठेवल्या की आपोआप समोर येते. दिग्दर्शकाने दोन्ही कथा सांगितल्या, त्यांच्यातील धागा मात्र जोडला नाही. तो जोडला असता तर हा चित्रपट खरोखर मोठा झाला असता. पण मग पहिला प्रसंग तितका आकर्षक राहिला नसता.

बाजाराची चतुराई पुढे आणखी स्पष्ट झाली. या चित्रपटाच्या निर्मितीमागे यूटीव्ही समूह होता. चित्रपटातील गाजलेल्या ‘इमोशनल अत्याचार’ या गीताचे नाव घेऊन त्याच समूहाच्या ‘बिंदास’ वाहिनीवर २००९ सालीच एक कार्यक्रम सुरू झाला. त्याचे स्वरूप काय? आपला जोडीदार एकनिष्ठ आहे की नाही हे तपासण्यासाठी त्याच्यावर छुपे कॅमेरे लावायचे, त्याला मोहात पाडायचे आणि तो ढळला की ते साऱ्या देशाला दाखवायचे. चोरून केलेल्या चित्रणाने एका मुलीचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, ही ज्या चित्रपटाची कथा, त्याच्याच गीताचे नाव छुप्या चित्रणाचा तमाशा मांडणाऱ्या कार्यक्रमाला मिळाले! कलेच्या स्वातंत्र्यावर व्याख्याने देणाऱ्या विचारवंतांपैकी किती जणांना ही विसंगती बोचली?

शृंगाराचे वावडे कोणाला?

असा काही आक्षेप घेतला की ठरलेले उत्तर येते. ‘खजुराहो कोणी घडविले? कामसूत्र कोणी लिहिले? तुमचीच संस्कृती तुम्हाला ठाऊक नाही.’ प्रश्न योग्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यावे लागेल.

शृंगाराचे वावडे या भूमीला कधीच नव्हते. भरतमुनींनी रसांची गणना करताना प्रथम स्थान शृंगाराला दिले. महाराष्ट्राला तर हे कोणी सांगण्याची गरजच नाही. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि तिच्यात गोदाकाठच्या स्त्री-पुरुषांची प्रीती विलक्षण मोकळेपणाने आली आहे. रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्या येथल्याच मातीतल्या. चोरट्या भेटी, रुसवे, देहाची ओढ, हे सर्व तेथे आहे. व्हिक्टोरियन सोवळेपणा ही आपली परंपरा नव्हे, तो गोऱ्या साहेबाबरोबर आला. संस्कृतीच्या नावाने तो मिरविणाऱ्यांनीही आपली पाळेमुळे तपासावीत.

पण ज्या परंपरेने शृंगाराला आद्य स्थान दिले, तिनेच औचित्याचा विचारही केला. नाट्यशास्त्र रंगभूमीवर शय्या, चुंबन आणि तत्सम कृती दाखवू नयेत असे सांगते. त्यामागे दिलेले कारण पापभयाचे नाही. नाटक पिता, पुत्र, सून, सासू असे सारे एकत्र बसून पाहतात, म्हणून ते टाळावे, असे ते आहे. किती साधे आणि किती सुसंस्कृत कारण आहे हे! कलाकृती कोण, कोणाबरोबर आणि कोठे पाहणार, याचा विचार हा कलेचाच भाग मानला गेला. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने तर औचित्य हेच काव्याचे जीवित मानून त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मंदिराच्या बाहेरील भिंतीवरचे शिल्प गाभाऱ्यात नसते. प्रत्येक गोष्टीला तिचे स्थान आहे, आणि स्थानाचे भान म्हणजेच संस्कृती. तेव्हा खजुराहोचे नाव घेणाऱ्यांनी अर्धीच परंपरा उचलू नये.

पुण्याने दिलेले उत्तर

‘देव डी’च्या समर्थकांचा एक युक्तिवाद मात्र विचारात घेण्यासारखा आहे. देवदास हा मुळातच रडका, पळपुटा नायक आहे; त्याच्या आत्मनाशाचे उदात्तीकरण हिंदी सिनेमाने अर्धशतक केले; कश्यप यांनी ते मोडले, हे चांगलेच झाले, असे ते म्हणतात. प्रमथेश बरुआ यांनी १९३५ साली बंगालीत आणि लगेच कुंदनलाल सैगल यांना घेऊन हिंदीत ‘देवदास’ पडद्यावर आणला. त्या हिंदी चित्रपटाचे छायालेखक बिमल रॉय यांनी १९५५ साली दिलीपकुमारना घेऊन तो पुन्हा घडविला. २००२ साली संजय लीला भन्साळी यांनी त्याला झुंबरे आणि भरजरी शालूंनी मढविले. कादंबरीत एकमेकींना कधीही न भेटलेल्या पारो आणि चंद्रमुखी त्यांनी एकत्र नाचविल्या. पिढ्यान्पिढ्यांच्या तरुणांनी दारूच्या पेल्याला प्रेमाचे प्रमाणपत्र मानले, हे खरेच आहे.

पण या नायकाला पहिले उत्तर २००९ साली मिळाले नाही. महाराष्ट्राने ते फार पूर्वी दिले. ‘देवदास’ प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ साली, राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. ते पाहायला गडकरी हयात नव्हते. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षागृहे रडली. पण तेथे दारूला प्रेमभंगाचे तेजोवलय नव्हते. सुधाकराच्या पेल्याची किंमत सिंधू भरते, तान्हे मूल भरते आणि शेवटी तोही भरतो. व्यसन एकट्याचे नसते, ते घराचे असते, हे गडकऱ्यांनी इतक्या प्रखरपणे मांडले की त्या नाटकाचे नावच मराठीत वाक्प्रचारासारखे झाले.

आणि १९३९ साली पुण्याच्या प्रभात कंपनीतून व्ही. शांताराम यांनी ‘माणूस’ काढला. ‘देवदास’ने पसरविलेल्या निराशेला उत्तर म्हणूनच तो ओळखला जातो. शाहू मोडक यांचा पोलीस शिपाई गणपत आणि शांता हुबळीकर यांची वेश्या मैना यांची ती कथा आहे. येथेही प्रेम आहे, येथेही समाजाची भिंत आहे आणि शेवटी ताटातूट आहे. वेश्येच्या वाट्याला आलेले दुःख येथे सजविलेले नाही. ती गणपतच्या आईसमोर उभी राहते, तेव्हा तिला वाटणारे संकोचाचे ओझे प्रेक्षकाच्या छातीवर बसते. पण प्रेम हरले म्हणून आयुष्य गटारात टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे हा चित्रपट सांगतो. गणपतपुढे कर्तव्य आहे, आणि जगणे हेही एक कर्तव्य आहे.

आता तुलना करावी. शांतारामांनी निराशा काढली आणि तिच्या जागी कर्तव्य ठेवले. कश्यप यांनी निराशा काढली आणि तिच्या जागी सोय ठेवली. देवच्या मोटारीखाली मेलेल्या माणसांना चित्रपटात ना चेहरे आहेत ना घरे. दिल्लीतील १९९९च्या त्या कुप्रसिद्ध अपघाताची आठवण करून देणारा हा प्रसंग कथेत येतो आणि नायकाच्या मनःस्थितीचा एक टप्पा बनून निघून जातो. त्या मृतांच्या घरी काय झाले असेल, हा प्रश्न पडद्यावर उमटत नाही. श्रीमंत बापाच्या मुलाला प्रेम मिळाले, चित्रपट संपला. मूळ देवदास निदान स्वतःच्या पापाचे मोल स्वतःच्या देहाने चुकवितो. नवा देव ते इतरांच्या देहांनी चुकवितो आणि स्वतः मोकळा होतो. यात बंडखोरी कोठे आहे? ही तर धनिकांना जी मुभा नेहमीच मिळत आली तिचीच कलात्मक आवृत्ती झाली.

ही वाट पुढे रुळली. २०१७चा तेलुगू ‘अर्जुन रेड्डी’ आणि त्याचे २०१९चे हिंदी रूप ‘कबीर सिंग’ पाहावे. नायक शस्त्रवैद्य, पण नशेत शस्त्रक्रिया करणारा. प्रेयसीवर हात उगारणारा. आणि अखेरीस ती त्याला परत मिळते. देवदासनेही पार्वतीच्या कपाळावर घाव घातला होता. शरदबाबूंनी तो व्रण तिच्या कपाळावर आणि त्याच्या आयुष्यावर कायम ठेवला. नव्या कथांत व्रण उरत नाही. फळाविना कर्म, अशी ही नवी कथनरीती आहे. कर्मसिद्धांत मानणाऱ्या समाजाला तिच्यातील असत्य सर्वांत आधी जाणवायला हवे.

घराचे दार

मग यावर उपाय काय? पडदे फाडणे आणि काचा फोडणे हा उपाय नव्हे; त्याने चित्रपटाची फुकट जाहिरात होते आणि विचार हरतो. ‘देव डी’ला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली चित्रपटांचे पूर्वपरीक्षण घटनेशी सुसंगत ठरविताना, लैंगिकता आणि अश्लीलता या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही स्पष्ट केले होते. ती भूमिका विवेकाची आहे. २०२३च्या दुरुस्तीने वयानुसार अधिक बारकाईची प्रमाणपत्रे आली. शुद्ध अश्लीलतेचा धंदा करणाऱ्या २५ ॲपवर केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये बंदी घातली, ते योग्यच झाले. दुसऱ्याचे खासगी चित्रण करून पसरविणाऱ्याला शिक्षा देणारी तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या हातातील मोबाइल प्रमाणपत्र विचारत नाही. कायदा दाराबाहेर उभा आहे. आतले काम घरालाच करावे लागेल.

ते काम दोन प्रकारचे आहे. पहिले रसिकतेचे. मुलांना ‘हे पाहू नकोस’ एवढेच सांगणारे घर हरते. त्यांच्या हाती शरदबाबूंची कादंबरी दिली, बिमल रॉय यांचा चित्रपट त्यांच्यासोबत बसून पाहिला, ‘माणूस’ दाखविला आणि मग चर्चा केली, तर तीच मुले सायकलवरील गादीतला उथळपणा स्वतः ओळखतील. चांगल्या अन्नाची चव लागलेल्या जिभेला शिळे वाढलेले कळते. शाखांच्या बौद्धिकांत, महिला मंडळांत आणि ग्रंथालयांत असे उपक्रम सहज होऊ शकतात. मराठी समाजाकडे त्यासाठी लागणारे विनोदाचे शस्त्रही आहे. उदास बसलेल्या मित्राला ‘काय रे, देवदास झालास का?’ असे विचारून हसविण्याची आपली जी रीत, तिच्यात एका समाजाचे शहाणपण साठलेले आहे. आत्मदयेला येथे कधी आरती ओवाळली गेली नाही.

दुसरे काम अवघड आहे. चंदाच्या कथेतील सर्वांत भयंकर क्षण पहाडगंजमधला नाही. तो तिच्या घरातला आहे, जेथे फसविल्या गेलेल्या मुलीला आधार देण्याऐवजी घराने तोंड फिरविले. या एका बाबतीत चित्रपटाने समाजापुढे धरलेला आरसा खोटा नाही आणि त्यापासून पळ काढता येणार नाही. उद्या कोणाच्याही घरातील मुलीचे छायाचित्र कोणी विकृत पसरवू शकतो. आज तर यंत्राच्या साहाय्याने न घडलेलेही घडल्यासारखे दाखविता येते. त्या दिवशी त्या घराने काय करावे? प्रतिष्ठेचा विचार करून दार लावले, तर ती मुलगी दलालाच्या दारापर्यंत पोहोचण्यास आपलाच हातभार लागला, असे समजावे. कुलाच्या खोट्या अभिमानाने एकदा पार्वतीचा आणि देवदासचा बळी घेतलाच आहे. मुलीला जवळ घेऊन, पोलिसांत तक्रार नोंदवून, गुन्हेगाराला उघडे पाडणारे कुटुंब हेच हिंदू कुटुंब होय.

शृंगार विकणाऱ्या बाजाराला उत्तर द्यायचे असेल तर ते निषेधाच्या पत्रकांनी पुरे होणार नाही. मर्यादा म्हणजे मुलींवर घातलेले कुलूप, हा समज ज्या दिवशी घराघरांतून जाईल आणि मुलाला वाढवितानाच दुसऱ्याच्या विश्वासाची किंमत शिकविली जाईल, त्या दिवशी ‘देव डी’सारख्या चित्रपटांची चमक आपोआप फिकी पडेल. शरदबाबूंनी वाचकाकडे मागितलेला तो मायेचा हात मरणाऱ्याच्या कपाळापर्यंत पोहोचला नाही. निदान जगणाऱ्या मुलीच्या पाठीवर तरी तो वेळेवर पडावा.